हमीपत्र : घाम की गळती?

आश्विन उजाडला, रस्त्यांवरचे पाणी ओसरले, की मोटारदुरुस्तीच्या गॅरेजांपुढे गाड्यांच्या रांगा लागू लागतात. चार महिन्यांच्या खड्ड्यांनी आपला हिशेब वसूल केलेला असतो. गतिरोधकावरून उतरताना गाडीतून 'खट्' असा आवाज येतो, वळणावर ती नको तितकी कलते, ब्रेक दाबताच पुढे झुकते. गॅरेजवाला चाकामागे विजेरीचा झोत टाकतो, तेलाने काळवंडलेली एक नळी दाखवितो आणि एवढेच म्हणतो, "साहेब, शॉकअप गेले." मालकाच्या खिशातून काही हजार रुपये जातात आणि नवी जोडी बसते. आठ-दहा महिन्यांनी तीच नळी पुन्हा ओली दिसते. मग कपाटातून हमीपत्र शोधून काढावयाचे, दुकानाची पायरी चढावयाची आणि काउंटरपलीकडून उत्तर ऐकावयाचे : "ही गळती नव्हे, हा घाम आहे. घामाला वॉरंटी नाही."

थोड्याफार फरकाने हा संवाद महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात ऐकावयास मिळतो. मोटार आता केवळ कारखानदाराची वा डॉक्टरची राहिलेली नाही. शिक्षक, बँकेतील कारकून, नुकताच नोकरीला लागलेला पदवीधर हे कर्ज काढून नवी किंवा कोणाची तरी वापरलेली गाडी घेतात. गाडी घेणे त्यांना कसेबसे परवडते. ती बिघडणे मात्र परवडत नाही. म्हणूनच एका नळीचा हा तंटा किरकोळ मानण्याचे कारण नाही. छापील शब्दावर विश्वास ठेवून पैसे मोजणाऱ्या माणसाला त्या शब्दाची किंमत कोण देणार, असा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

नावाने केलेला घोटाळा

'शॉक ॲब्सॉर्बर' हे नावच मुळात काहीसे फसवे आहे. रस्त्याचा धक्का प्रथम झेलते ती स्प्रिंग. परंतु स्प्रिंगचा स्वभाव असा की, दाबली की ती उसळते आणि उसळली की पुन्हा दबते. तिला आवरणारे कोणी नसेल तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ होडीसारखी डुलत राहील. हे डुलणे थांबविणे हे या नळीचे खरे काम. इंग्लंडात तिला 'डॅम्पर' म्हणतात, ते अधिक यथार्थ होय. नळीत तेल असते, तेलात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. चाक वर-खाली होते तसे तेल या अरुंद वाटांतून बळेच ढकलले जाते आणि चाकाच्या हालचालीतील शक्तीचे उष्णतेत रूपांतर होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ट्रूफो या फ्रेंच गृहस्थाची घर्षणावर चालणारी युक्ती हार्टफोर्ड याने अमेरिकेत रूढ केली. पुढे तिची जागा तेलाच्या नळ्यांनी घेतली आणि त्यानंतर नळीत नायट्रोजन वायूही भरला जाऊ लागला. रचना सुधारत गेली, तत्त्व मात्र बदलले नाही.

या कामाचा संबंध केवळ बैठकीच्या सुखाशी आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः तो प्राणाशी आहे. चाक रस्त्याला चिकटून राहिले तरच ब्रेक लागतो आणि तरच स्टिअरिंगचे ऐकले जाते. नळी निकामी झाली की खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारू लागते, आणि ज्या क्षणी ते हवेत असते त्या क्षणी ब्रेक असून नसल्यासारखा. टायर ठिकठिकाणी खोलगट झिजतो, तो खर्च वेगळाच. १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असलेली रचना सामान्य भारतीय कुटुंबाच्या दारात पोहोचली. आज बहुसंख्य लहान मोटारींत पुढे तीच रचना असते. या रचनेत नळी आणि स्प्रिंग एकत्र असतात आणि चाक उभे धरून ठेवण्याचे कामही तीच नळी करते. साहजिकच ती बदलणे हे पूर्वीपेक्षा अधिक कौशल्याचे आणि खर्चाचे काम झाले आहे.

न दिसणारा दर्जा

भाजी घेताना गृहिणी देठ मोडून पाहते, कापड घेणारा पोत चाचपतो. शॉक ॲब्सॉर्बर घेणाऱ्याने काय पाहावे? बाहेरून दिसतो तो काळा रंग आणि चकचकीत दांडा. त्या दांड्यावरील क्रोमचा थर किती सम आहे, तेलाला अडवून धरणारे रबरी सील किती उष्णता सोसेल, झडपांची जुळणी किती अचूक आहे, यांवर नळीचे आयुष्य अवलंबून असते. आणि यांतले काहीही डोळ्यांना दिसत नाही. शिवाय ही वस्तू दिव्यासारखी एकाएकी विझत नाही. ती दिवसेंदिवस थोडी थोडी मंदावत जाते आणि चालकाला त्या मंदपणाची सवय होत जाते. गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडण्याची जुनी परीक्षा पूर्ण मेलेली नळी ओळखू शकते, अर्धमेली नव्हे.

ज्या वस्तूचा दर्जा ग्राहकाला पारखता येत नाही, तिच्या बाबतीत तो दर्जाऐवजी शब्द विकत घेतो. पेटीवरचे नाव, दुकानदाराची शिफारस आणि आतला हमीपत्राचा कागद हीच त्याची कसोटी. मग या शब्दांचा बाजार कसा आहे, हे पाहणे क्रमप्राप्त ठरते.

पुण्याची नाना पेठ, मुंबईतील कुर्ला किंवा दिल्लीचे काश्मिरी गेट अशा सुट्या भागांच्या पेठांत एकाच गाडीसाठी तऱ्हेतऱ्हेच्या नळ्या मिळू शकतात. पहिला प्रकार मोटार कंपनीच्या पेटीतला, सर्वांत महाग. दुसरा भागनिर्मात्याच्या स्वतःच्या नावाचा, काहीसा स्वस्त. पुष्कळदा मोटार कंपनीला माल पुरविणारा कारखाना तोच असतो. तिसरा अपरिचित नावांचा. चौथा प्रकार बनावट, म्हणजे दुसऱ्याचे नाव छापलेल्या पेटीतला. आणि पाचवा जुनी नळी उघडून, तेल भरून, डाग देऊन, वर काळा रंग फासलेला. या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने व्यवहार करणारे दुकानदार आहेत, हे निःसंशय. परंतु पहिल्यांदाच तिथे जाणाऱ्या माणसाला सचोटीचे दुकान कोणते, हे पाटीवरून कळत नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमानुसार खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही बनावट माल विकला जातोच, कारण त्याला गिऱ्हाईक आहे.

हे गिऱ्हाईक केवळ लोभाने तिकडे वळते असेही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे आणि बाहेरच्या गॅरेजात दुरुस्ती केल्यास गाडीची हमी रद्द करणे, या प्रथांवर आयोगाने त्यात बोट ठेवले. कंपन्यांनी त्या निर्णयाविरुद्ध वरच्या पायऱ्या गाठल्या, हा भाग वेगळा. परंतु अस्सल वस्तूची वाट अरुंद केली की नकली वस्तूची वाट आपोआप रुंद होते, एवढे त्या प्रकरणावरून कोणाच्याही ध्यानात यावे.

कलमांच्या जंगलात

आता प्रत्यक्ष हमीपत्राकडे वळू. मराठी माणूस 'गॅरंटी' आणि 'वॉरंटी' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो आणि दोहोंचा अर्थ 'खराब निघाले तर बदलून मिळेल' असा लावतो. कागदावरचा अर्थ इतका सरळ क्वचितच असतो. हमी उत्पादनातील दोषापुरती असते, झिजेपुरती नसते. ती खरेदीच्या तारखेपासून सुरू होते, बसविल्याच्या तारखेपासून नव्हे. बदलून मिळालेल्या वस्तूला नवी मुदत मिळत नाही. जुन्या मुदतीचे उरलेसुरले दिवस मिळतात. गाडी भाड्याने चालत असेल तर हमी पुष्कळदा लागूच नसते. म्हणजे ज्या टॅक्सीचालकाचे पोट त्या गाडीवर आहे, त्याला हा कागद कोरा.

त्याहून मोठी गोम मजुरीची. हमीपत्रात वस्तूच्या बदली वस्तू मिळते, ती काढण्याघालण्याची मजुरी मिळत नाही. पुढचा स्ट्रट बदलावयाचा तर स्प्रिंग दाबून धरणारे अवजार लागते, नंतर चाकांची अलाइनमेंट करावी लागते. शिवाय एका आसावरील दोन्ही नळ्या एकदम बदलाव्यात, असे कारखानदार स्वतःच सांगतात; कारण एक नवी आणि एक थकलेली असेल तर गाडी दोन्ही बाजूंना सारखी वागत नाही. हमीत मात्र बिघडलेली एकच नळी बदलून मिळते. दुसरी ग्राहकाने पदरचे पैसे घालून घ्यावयाची. याप्रमाणे 'फुकट' मिळालेल्या नळीचा खर्च पुष्कळ वेळा तिच्या किंमतीच्या जवळपास जातो आणि शहाणा माणूस दावा करण्याच्या भानगडीतच पडत नाही.

अमेरिकेत शॉक ॲब्सॉर्बरवर 'आजीवन हमी' देण्याची रीत आहे. ऐकावयास हे मोठे उदार वाटते. परंतु आजीवन म्हणजे कोणाचे जीवन? वस्तूचे, गाडीचे, की ग्राहकाचे? तेथील फेडरल ट्रेड कमिशनला १९८५ मध्ये जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढून, हे जीवन कोणाचे ते स्पष्ट सांगावे, असे बजावावे लागले. सामान्यतः ही हमी मूळ खरेदीदारापुरती, त्याच्याकडे ती गाडी असेपर्यंत चालते आणि मजुरी तिथेही वगळलेली असते. मात्र १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने तिथे एक चांगली गोष्ट केली. हमी 'पूर्ण' आहे की 'मर्यादित' हे मथळ्यातच लिहिणे भाग पाडले आणि विशिष्ट कंपनीचाच भाग वापरला पाहिजे, अशी अट हमीला जोडण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. शब्दाचा अर्थ देणाऱ्याने सांगावा, घेणाऱ्याने ताडू नये, हे त्यामागचे सूत्र होय.

आता तो 'घाम'. दांडा आत-बाहेर करताना तेलाचा अत्यंत पातळ थर सोबत आणतो आणि सीलच्या आसपास थोडा ओलावा दिसतो. हे स्वाभाविक असून त्याने कार्यक्षमता घटत नाही, असे कारखानदार सांगतात आणि त्यात तथ्य आहे. परंतु ओघळ नळीच्या खालच्या टोकापर्यंत आला, त्यावर धूळ बसून चिखल झाला, तर ती गळतीच. घाम कोठे संपतो आणि गळती कोठे सुरू होते, ही रेषा हमीपत्रात आखलेली नसते. ती आखण्याचा अधिकार राहतो तो ज्याला पैसे द्यावयाचे आहेत त्याच्याकडे. वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश निरनिराळे असावेत, हे तत्त्व शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दुकानाच्या काउंटरवर मात्र प्रतिवादी हाच न्यायाधीश असतो.

दुसरी बाजू

तथापि सर्व दोष कारखानदाराच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. चांगली नळीही वाईट हातांत लवकर मरते. नट घट्ट करताना दांडा फिरू नये म्हणून मेकॅनिक तो पकडीने धरतो. क्रोमवर ओरखडा उठतो आणि तो ओरखडा प्रत्येक फेरीला सील फाडत जातो. काही महिन्यांनी तेल गळू लागले की दोष मालाचा ठरतो. गाडी जॅकवर लटकलेली असतानाच रबरी बुशांचे बोल्ट शेवटपर्यंत आवळले, तर चाक जमिनीवर टेकताच बुश पिळला जातो आणि लवकर फाटतो. तुटलेला बंप स्टॉप व फाटके धूळआवरण तसेच ठेवून नवी नळी घातली, तर पहिल्या मोठ्या खड्ड्यातच तिच्या आत धातूवर धातू आपटतो. शिवाय आपले रस्ते आणि पाच माणसांच्या गाडीत आठ माणसे कोंबण्याची हौस. एवढे सगळे सोसूनही नळीने वर्षानुवर्षे टिकावे, ही अपेक्षा कारखानदाराला जाचक वाटली तर नवल नाही.

परंतु या युक्तिवादातूनच एक प्रतिप्रश्न उभा राहतो. भारतात विकावयाची वस्तू भारतातल्या रस्त्यांसाठीच बनविली पाहिजे. खड्डा हा येथे अपघात नसून नित्याचा भाग आहे. आणि मेकॅनिकच्या चुकांमुळे माल बिघडतो, हे कारखानदाराला पक्के माहीत असेल, तर त्या चुका टाळण्याची साधी सचित्र सूचना मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये पेटीत घालण्यास अडचण कोणती? नाकारण्याच्या अटी इंग्रजीत बारीक टाइपात छापण्यास जागा सापडते, तर बसविण्याची रीत मोठ्या अक्षरांत छापण्यासही सापडावयास हवी.

कायदा आहे, पावती नाही

कायद्याने ग्राहकाला वाऱ्यावर सोडले आहे, असे म्हणता येणार नाही. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम १६ मध्ये माल विकण्याजोग्या दर्जाचा असावा, ही अट गृहीत धरलेली आहे. मात्र कलम ६२ प्रमाणे अशा गृहीत अटी स्पष्ट कराराने बाजूला सारता येतात. बारीक टाइपाचा जन्म इथलाच. एकाधिकार व निर्बंधक व्यापारप्रथा कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन अनुचित व्यापारी प्रथांचा समावेश झाला आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यामागे मुंबईत १९६६ मध्ये स्थापन झालेली कन्झ्युमर गायडन्स सोसायटी, १९७५ मध्ये उभी राहिलेली मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्थांचे दीर्घ कष्ट होते. २०२० च्या जुलैपासून त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली.

या नव्या कायद्यात दोन तरतुदी अशा आहेत की, प्रत्येक ग्राहकाने त्या पाठ कराव्यात. पहिली, वस्तूच्या टिकाऊपणाची हमी पुरेशा चाचणीवाचून दिली तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आणि चाचणी केली होती असा बचाव घेतल्यास ते सिद्ध करण्याचा भार हमी देणाऱ्यावर असतो. दुसरी, सदोष माल विहित मुदतीत परत घेण्यास नकार देणे आणि विक्रीची पावती न देणे, या गोष्टीही त्याच सदरात मोडतात. तक्रार स्वतःच्या गावच्या जिल्हा आयोगाकडे करता येते, वकील आवश्यक नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पोटासाठी स्वतः टॅक्सी चालविणाऱ्यालाही हा कायदा ग्राहकच मानतो.

मग अडते कोठे? पहिली अडचण पावतीची. "बिल हवे असेल तर कर लागेल, नको असेल तर इतके कमी," हा काउंटरवरचा प्रश्न कोणाला अपरिचित आहे? मोटारीच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. त्यापूर्वी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. तेवढा वाचतो म्हणून शिकलासवरला माणूसही कोऱ्या चिठ्ठीवर माल घेतो. त्या क्षणी तो केवळ सरकारचा कर बुडवीत नाही, स्वतःचा हक्कही बुडवितो. पावतीवाचून हमीपत्र म्हणजे सहीवाचून धनादेश.

दुसरी अडचण कसोटीची. नळी सदोष आहे हे ठरविण्यास प्रयोगशाळेतील परीक्षा लागते आणि तिचे शुल्क आयोग तक्रारदारासच भरावयास सांगू शकतो. काही हजारांच्या वस्तूसाठी परीक्षेचा खर्च, हेलपाटे, रजा यांची बेरीज वस्तूच्या किंमतीपुढे जाते. अन्याय लहान आणि न्याय महाग असला की अन्यायच टिकतो.

काय करता येईल?

उपाय अलौकिक नाहीत. हमीपत्र एका पानाचे आणि प्रादेशिक भाषेत असावे. घाम आणि गळती यांतला फरक दाखविणारी दोन छायाचित्रे त्यावर छापावीत, म्हणजे काउंटरवरचा निवाडा डोळ्यांदेखत होईल. पहिल्या काही महिन्यांतच नळी निकामी झाली तर मजुरीही निर्मात्याने द्यावी. बसविणाऱ्या मेकॅनिकची सही, तारीख आणि गाडीचे किलोमीटर नोंदविणारी चिठ्ठी पेटीतच असावी. तिच्यामुळे मेकॅनिक जपून काम करील आणि नंतर दोष कोणाचा, याचा शोध सोपा होईल. वस्तू किती फेऱ्यांच्या कसोटीला उतरली, तो आकडा पेटीवर यावा. टायर किंवा हेल्मेट घेताना ग्राहक मानकाची खूण शोधतो; तितकीच सवय या वस्तूच्या बाबतीतही लागावयास हवी.

याहून महत्त्वाचे काम शिक्षणसंस्था करू शकतील. नळीचा विरोध मोजणारे यंत्र ही काही अणुभट्टी नव्हे. राज्यातील तंत्रनिकेतने, आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांपैकी प्रत्येक जिल्ह्यात एकाने जरी असे यंत्र ठेवून अल्प शुल्कात तटस्थ दाखला देण्याची सोय केली, तर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम मिळेल, आयोगाला पुरावा मिळेल आणि ग्राहकाला न्याय परवडू लागेल. ग्राहक संघटनांनी असे दाखले एकत्र करून प्रसिद्ध केले, तर कोणत्या नळीचा शब्द खरा, हे जाहिरातीवाचूनही कळेल. यात सचोटीने माल बनविणाऱ्याचा तोटा काहीच नाही. उलट, बनावट मालाशी किंमतीत झगडून थकलेल्या त्या कारखानदाराला प्रथमच समान मैदान मिळेल.

आणि ग्राहकाने? त्याने पावती मागावी, पेटीवर निर्मात्याचे नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत छापली आहे की नाही ते पाहावे, जुनी नळी गॅरेजातच टाकून न येता मागून घ्यावी आणि हमीपत्र पैसे देण्यापूर्वी वाचावे, नंतर नव्हे. पुढच्या आश्विनात त्याच पायरीवर त्याच उत्तराची पाळी आली, तर पावती, मेकॅनिकची चिठ्ठी आणि नळी या तीन वस्तू काउंटरवर ठेवून त्याने शांतपणे एवढेच म्हणावे : हा घाम आहे, तर तसे लेखी द्या. बहुतेक ठिकाणी त्या वाक्यानंतर संवादाचा सूर बदलेल. जिथे बदलणार नाही, तिथे त्या लेखी नकारासह जिल्हा आयोगाचे दार गाठता येईल.